शंभरावा दिवस

दर्यापूरच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये फाटकाशीच फळा टांगला होता: 'अपघाताविना दिवस – ९९'. शंभर भरले की तिथं कामाला असलेल्या चाळीसही बायकांना एकेक कुकर मिळणार होता. मात्र कोणाला जरा जरी लागलं, तरी आकडा पुन्हा शून्यावर.

फळ्यावर ९९ लागले त्याच दुपारी द्वारकाचं बोट मशीनच्या पट्ट्यात सापडलं अन् नख उखडलं. शेजारच्या खुर्शीदबीनं कमरेला खोचलेली चिंधी काढून झटकन गुंडाळली.

"सायबाले सांगू काय वो, आपा?"

"पागल झाली काय? तुह्या एका बोटापायी साऱ्याइचे कुकर जातीन. पदराखाली झाक!"

दुसऱ्या दिवशी साहेबानं सगळ्यांना फळ्यासमोर उभं केलं, मोठ्या अक्षरांत शंभर लिहिले आणि म्हणाला, "वाजवा टाळ्या!"

द्वारकानं टाळ्या वाजवल्या तर चिंधी दिसणार, नाही वाजवल्या तर चाळीस जणींत ती एकटीच उठून दिसणार. तिनं भीतभीत आजूबाजूला नजर टाकली.

पुढच्या रांगेत पाच जणींचे हात पदराखालीच होते.