शर्टाचं टोक

"पिस्तुलाची पदकं तिकडे शहरात मिरव! रायफलचा दस्ता खांद्यात घट्ट रुतव, म्हणून घसा कोरडा पडेपर्यंत सांगितलं होतं ना?" हरीण हुकलं तसा लेलंड सगळ्या शिकाऱ्यांसमोर जावयावर, कॉर्बिनवर, डाफरला.

हरीण हुकवणाऱ्याच्या शर्टाचं मागचं टोक कापून खोपटाच्या भिंतीला ठोकायचं, हा पेनसिल्व्हेनियाच्या त्या रानातला रिवाज. "माझं टोक कापणारा अजून जन्मायचाय," असं लेलंड दरवर्षी ऐकवायचा.

कात्री परजत त्याने कॉर्बिनचं जॅकेट मागून वर केलं आणि तो थिजलाच. शर्टाचं टोक आधीच कापलेलं होतं.



कॉर्बिन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "थंडी वाजेल म्हणून सासूबाईंनी दिला. तुमच्या जुन्या पेटीतला."