नुसतं चालून

माहेरी जाते असं सांगून वहिनी वजन उतरवायचं ऑपरेशन करून आली. पोटावरचे बारीक व्रण नवऱ्याशिवाय कुणाला माहीत नव्हते. बघता बघता ती अर्धी झाली. "केलंस तरी काय?" असं कुणीही विचारलं की म्हणायची, "काही नाही हो, नुसतं चालते." बिचारी नणंद तर नवे बूट आणून रोज तिच्या मागे मागे चालायला लागली.

वजन असं झपाट्यानं उतरलं की पित्ताशयात खडे होतात, म्हणून सहा महिने गोळी चुकवायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण गोळ्या नणंदेच्या हाती लागल्या तर बिंग फुटेल, या धास्तीनं वहिनीनं त्या महिन्याभरातच बंद केल्या.

आज जेवता जेवता पोटात अशी कळ आली की तिला उभंही राहवेना. नणंदेनंच तिला धरून जवळच्या दवाखान्यात आणलं.

"आधी पोटाचं काही ऑपरेशन झालंय?" तिथल्या डॉक्टरांनी विचारलं.

"छे हो! आमच्या वहिनीनं नुसतं चालून उतरवलंय सगळं," नणंद अभिमानानं म्हणाली.

डॉक्टर पोट तपासायला वाकले, तसा कळवळणाऱ्या वहिनीनं आपला टॉप दोन्ही हातांनी घट्ट खाली ओढून धरला.