वळवलेलं वादळ

कल्याणीने पोरांच्या दिवाळीच्या सुट्टीसाठी थीम पार्कची तिकिटं काढली आणि लगेच मोबाइलवर निरोप आला: ‘निश्चिंत या! त्या दिवशीचं चक्रीवादळ आम्ही पाजवाडीकडे वळवलं आहे.’

पाजवाडी तिचं माहेर. तिने घाईघाईने तिकिटं रद्द केली.

‘तुमची जागा वेटिंग लिस्टमधल्या कुटुंबाला दिली आहे. वादळाचा मार्ग कायम.’

तिने वडिलांना फोन लावला आणि तिकिटं काढल्याचं, रद्द केल्याचं सगळं रडतच सांगितलं. पलीकडे होड्या वर ओढणाऱ्यांचा गलका चालला होता.

“बाबा, सगळे इकडे निघून या!”

“होड्या टाकून कुठे येऊ? आणि रडतेस कशाला? दरवर्षी कुणाची ना कुणाची सहल असतेच. यंदा आपल्या पोरांची तरी होऊ द्यायची होतीस.”