मुकादमाचं व्याकरण

हॉटेलच्या लाँड्रीत आम्ही अकरा बायका, सगळ्या पोटासाठी परमुलखातून आलेल्या. मुकादम रोज पाचच्या ठोक्याला टाळ्या वाजवायचा, "चला, आज आपण दोन तास जास्त थांबू या!" आणि सव्वापाचला स्वतः स्कूटर काढून पसार. जी कुरकुर करेल तिला दुसऱ्या दिवशी दार बंद.

रविवारी शेजारच्या शिंपीणकाकूंच्या खोलीत आमचा मराठीचा वर्ग भरतो. इस्त्रीवाली मावशी 'आपण' आणि 'आम्ही' यांत कायम घोळ घालायची. शेवटी काकूंनी खडू आपटला, "अगं, सोपं आहे! स्वतःसकट समोरच्यालाही धरलं तर 'आपण'. त्याला वगळलं तर 'आम्ही'."

मावशीने दोन्ही शब्द वहीत उतरवून घेतले. मग म्हणाली, "म्हणजे व्याकरण मुकादमाचंच कच्चं आहे की!"

सोमवारी पाचला टाळ्या वाजल्या. "चला, आज आपण दोन तास जास्त थांबू या!"

मावशीने इस्त्रीचा प्लग उपसला. तिच्यामागोमाग आम्ही दहाजणींनी मशिनं बंद केली आणि चपला पायात सरकवल्या.

 

"तुम्ही थांबा, मुकादम. आम्ही निघालो."