सवतीची बाहुली

नवरात्र तोंडावर आलं तसा कुंभकोणमच्या घरात महालक्ष्मीनं माळा उपसायला काढला. फुटक्या बादल्या, गंजलेले डबे भंगाराच्या पोत्यात गेले. मग हाती लागल्या कोलूच्या, म्हणजे नवरात्रातल्या बाहुल्यांच्या आराशीच्या, पायऱ्यांवर मांडायच्या लाकडी बाहुला-बाहुलीच्या दोन जोड्या. एक तिनं लग्नात माहेरून आणलेली. दुसरी नवऱ्याच्या वारलेल्या पहिल्या बायकोची. सवतीच्या बाहुलीला नवंकोरं तिरुभुवनम् रेशीम! “हे कुणी नेसवलं?” “मी,” शिडी धरून उभा नवरा म्हणाला. “तुझ्या बाहुलीला तू आहेस. तिला कोण?” महालक्ष्मीच्या अंगाचा तिळपापड झाला. तो कॉफी टाकायला वळताच तिनं ती बाहुली पोत्यात कोंबली. बाहुला तेवढा उरला, हात अंगाशी धरून, एकटा. तिला बघायला आला तेव्हा नवरा दारात असाच उभा होता. चरफडत तिनं पोतं उलटं केलं. संध्याकाळी दोन्ही जोड्या मांडल्या. सवतीची मात्र एक पायरी खाली.