नऊ वर्षं मागे

सेतू केंद्रातल्या रुबीनाने शालनकाकूंच्या कानामागच्या स्मृतियंत्राला वायर जोडली. आज परवाना वाढला नाही, तर यंत्र बंद पडून काकू शेजारी बसलेल्या आपल्या नवऱ्यालाही ओळखणार नव्हत्या.

"भास्करकाका, सरकारी पोर्टल जुनंच आहे, आजची तारीख घेत नाही. यंत्राची तारीख नऊ वर्षं मागे घेतली की अर्ज जातो. सगळे तसंच करतात."

"कर बाई. पाच हेलपाटे झाले."

तारीख मागे गेली आणि काकूंचा चेहरा उजळला. "अहो, उठा की! विनूची गाडी सहाला येते. पोरगं कुलूप बघून पायरीवर बसेल."

विनूला अपघातात जाऊन सात वर्षं झाली होती.

"गेला अर्ज! आता तारीख पुढे घेते."

"थांब गं. बोलू दे तिला घटकाभर."

"काका, पाच मिनिटांत तारीख जुळली नाही, तर अर्ज बाद होतो."

काकांनी होकारार्थी मान हलवली. रुबीनाने तारीख पुढे घेतली. मधली सगळी वर्षं एका क्षणात परत आली आणि काकूंनी हंबरडा फोडला, विनू गेला त्या दिवशी फोडला होता तसाच.

यंत्रांचे परवाने वाढवायला आलेल्यांच्या रांगेत कुणी वर पाहिलं नाही. प्रत्येकाने आपापल्या माणसाचा हात तेवढा घट्ट धरला.