शेवंताच्या कानामागची पट्टी

रणधीरनं गोल मारला आणि नळाला पाणी आलंय का बघायला निघाल्यासारखा तो मुकाट मध्यरेषेकडे चालू लागला. गोलाचा आनंद त्यानं कंपनीला विकला होता. ज्यानं पैसे मोजून कानामागे पट्टी लावली, आनंद त्यालाच व्हायचा.

त्याची आई हौसाक्का कोल्हापूरच्या मैदानाच्या गॅलरीत कोरडी बसून होती. शेजारची शेवंता मात्र पट्टी लावून हसत होती, रडत होती.

"पोरगं माझं, आणि डोळं तुझं भरत्यात," हौसाक्का म्हणाली. "नऊ महिने काय तू वागवलंस?"

"मग तू घे की पट्टी."

"पोटच्या पोराचं सुख विकत घेऊ? एवढी भिकेला लागले नाही मी."

कंपनीच्या आधी, गल्लीतल्या तालमीच्या फुटबॉल संघाकडून खेळायचा तेव्हा गोल मारला की रणधीर चिखलासकट धावत येऊन तिच्या मांडीत डोकं खुपसायचा.

त्यानं दुसरा गोल मारला. शेवंता ताडकन उठली आणि हौसाक्काच्या मांडीत डोकं खुपसून हुंदके देऊ लागली.

"माझं काय चालंना आक्का. त्याला हितंच यायचं हुतं."

हौसाक्कानं तिला ढकलायला हात उचलला, पण तो केसांतून फिरू लागला. "घाम पूस की लेकरा," ती म्हणाली.

खाली रणधीर मोजे वर ओढत उभा होता.